आईंच्या आवाजाचे पाच वाटेकरी

४ फेब्रुवारी

भाऊजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून ते बाजूला टाकलं असेल तर पुन्हा उचला. तुमच्या दादांनी मला लिहायला सांगितलेलं नाही, त्यांना या पत्राचा पत्ताच नाही. फोनवर तुम्ही आम्हा दोघांनाही बंद करून ठेवलंय. तुमचं राहण्याचं ठिकाण तुमच्या मावशींकडून काढलं, आणि ते काढताना त्यांच्या गुडघ्यांची सगळी कहाणी दारात उभ्याने ऐकली. तेवढ्या कष्टांची तरी किंमत ठेवा.

नोव्हेंबरात आईंचं ऑपरेशन झालं. गाठ घशात होती, डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. तब्येत उत्तम आहे. जेवतात, फिरतात, माझ्या शिवणयंत्रात तेल कमी पडलंय हे पलीकडच्या खोलीत बसून ओळखतात. फक्त आवाज नाही. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं, त्यातून नुसती घुरघुर येते. आईंनी ते एकदा लावून बघितलं आणि मोज्यांच्या ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. आता त्या टॅबलेटवर टाइप करतात आणि टॅबलेट बोलतो.

टॅबलेटमधली बाई फार गोड आहे हो. बँकेला फोन लावला की 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' म्हणणारी एक असते ना, तिची ही सख्खी बहीण. काल आईंनी टाइप केलं, "भाजीत मीठ घातलंय की मिठात भाजी," आणि त्या बाईने ते असं काही म्हटलं की मला जणू बक्षीस लागलंय. मी हसले. आई हसल्या नाहीत. टॅबलेट पालथा घातला आणि संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलल्या नाहीत.

लग्न होऊन आले तेव्हापासून त्या आवाजाने मला सळो की पळो करून सोडलं, हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. आणि आज तोच आवाज परत मिळावा म्हणून मी तुमच्या दारात उभी आहे. माझ्या माहेरी कळलं तर म्हणतील, पोरीचं डोकं फिरलं.

आता मुद्दा. ऑपरेशनच्या आधी आईंनी आपला आवाज साठवून ठेवला, हे तुम्हाला माहीत आहे. मला मात्र सगळं नंतर कळलं, तेव्हा मला समजलंय तसं लिहिते, चुकलं तर हसा. आवाजकट्टा म्हणून लोकांनी आपापसांत चालवलेलं एक जाळं आहे. ज्यांचा आवाज जाणार आहे किंवा गेलाय, ते आणि त्यांची माणसं. कंपनी नाही, मालक नाही, कार्यालय नाही. प्रत्येकाच्या घरी इंटरनेटला जोडलेली एक डबी. त्या डबीत दुसऱ्यांच्या आवाजाचे तुकडे कुलूपबंद पडलेले असतात, आणि आपले तुकडे कुणाकुणाच्या घरी. एकट्या कुणाला काहीच ऐकू येत नाही. आमची डबी फ्रिजवर आहे, तिच्यात कुठल्या कुठल्या माणसांचे गळे आहेत देव जाणे. मी तिच्यावरची धूळ पुसते तेव्हा जरा जपूनच पुसते.

आवाज कंपनीला का दिला नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तर, आईंचं स्वतःचं एक गुप्त वाक्य होतं. ते टाकलं की कुलूप उघडलं असतं. ते कुठेही लिहायचं नाही, असा कट्ट्याचा नियम. ऑपरेशननंतर आठवडाभर तापात होत्या, आणि त्या तापात वाक्य गेलं. माझ्या भावाने त्यांना कुठल्या साली काय उलट उत्तर दिलं ते शब्दशः आठवतं, वाक्य आठवत नाही. अशा वेळेसाठीच पाच वाटेकरी नेमायचे असतात. प्रत्येकाकडे थोडे शब्द. पाचांपैकी तिघांनी आपापल्या डबीत ते टाकले की कुलूप उघडतं. आणि नियम असा की हे पाच जण एकमेकांशी बोलणारे नसावेत, म्हणजे संगनमत करून कोणी परस्पर काही उघडणार नाही. बाकीच्या लोकांना असे पाच शोधताना घाम फुटतो म्हणे. आपल्या आईंना एका दुपारीत सापडले.

मी, तुम्ही, वरच्या मजल्यावरचे कंपाउंडर, मावशी, आणि बसस्थानकावर आईंबरोबर दुसऱ्या पाळीला घोषणा करायच्या त्या बाई. बघा, या यादीतले कुठले दोन जण एका खोलीत बसतील? तुमच्या दादांना घेतलंच नाही. मी विचारलं तर आईंनी टाइप केलं, "तो हळवा आहे. कोणी रडलं की देऊन टाकेल." ते शेजारीच बसले होते. तेव्हापासून ते लिफ्टच्या दुरुस्तीचा ओव्हरटाइम जरा जास्तच घेतात.

तुम्ही एवढंच करायचंय. तुमची डबी चालू करा, शब्द टाका, हो म्हणा. प्रवास नको, भेट नको, आमची तोंडं बघायला नकोत. दोन मिनिटांचं काम आहे.

वाट बघते.
वहिनी


२१ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्र पोचलं असं पोस्टाची पावती सांगते. तुम्ही काही सांगत नाही. बरं.

तुमच्यावाचून अडायला नको म्हणून मी बाकीच्यांकडे गेले. मावशींची डबी त्यांच्या जावयाने भंगारात दिली. "एवढीशी डबी, तिला एवढा काय भाव," असं म्हणून वर मलाच समजावत होता. म्हणजे एक वाटेकरी गेला.

मग कंपाउंडरांकडे गेले. त्यांच्या मोरीचं पाणी आमच्या ओट्यावर टपकतं, त्याची तक्रार मी इमारतीच्या कमिटीकडे दिली होती आणि तेव्हापासून जिन्यात भेटले तरी ते भिंतीकडे बघतात. मी म्हटलं, तक्रार मागे घेते. ते म्हणाले, लेखी. मी त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच पेनने लिहून दिलं. तेव्हा त्यांनी चष्मा लावला, डबी पुढे ओढली आणि माझ्यासमोर शब्द टाकून टाकले. आता ओट्यावर बादली ठेवून स्वयंपाक करते. अडला हरी, दुसरं काय. पण माझे शब्द आणि त्यांचे शब्द, दोन झाले.

तिसऱ्यासाठी दुसऱ्या पाळीच्या बाईंकडे गेले. दार त्यांनी अर्धंच उघडलं. मी कोण ते सांगितलं तर म्हणाल्या, "ठाऊक आहे. लग्नात तुझी पिन माझ्या पदरात अडकून आली होती." मग जे बोलल्या ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण तुम्ही ते ऐकायला हवं.

"तुझी सासू आणि मी एका काचेच्या खोलीत, एका माइकवर उभा जन्म काढला. एक दिवस कामावर गेलो तर खोलीला कुलूप आणि बाहेर कर्ण्यातून तिचा आवाज. गाडी क्रमांक अमुक, फलाट तमुक. आणि ती माझ्या शेजारी उभी, तोंड बंद. तिलाही माहीत नव्हतं म्हणाली. नसेल. पण तिचा आवाज तिला न विचारता बाहेर गेला आणि आम्हा सहा जणींची नोकरी घेऊन गेला. ऑपरेशनच्या आधी ती इथे आली होती. म्हणाली, तू माझ्यावर डूख धरून आहेस म्हणूनच हे शब्द तुझ्याकडे ठेवते, डूख धरणारा माणूस विसरत नाही. मी ठेवून घेतले. आता तू आलीस. तिने पाठवलंय तुला?"

मी हो म्हटलं. खोटं.

"मग तिला म्हणावं, मला दोन ओळी लिही." आणि दार लावून घेतलं. त्यांच्या दाराची कडी सैल आहे, बराच वेळ वाजत राहिली.

आता उरलात तुम्ही. त्या काचेच्या खोलीला कुलूप कुणामुळे लागलं ते मी या पत्रात लिहीत नाही. तुम्हीही माणूस आहात, तुम्हालाही झोप लागत नसेल. पण उत्तर तरी द्या. भिंतीशी बोलल्यासारखं किती दिवस बोलायचं माणसाने?

वहिनी


१० मार्च

भाऊजी,

तुम्ही गप्प बसलात त्याचं फळ आज घरात बघितलं, म्हणून घाईघाईने लिहिते.

तुमच्या दादांना राहवलं नाही. त्यांनी फोनवर कुठलंसं ॲप घेतलं. जुनं रेकॉर्डिंग द्या, आम्ही आवाज बनवून देतो, तेही फुकट. फुकट म्हटलं की हे पुढे. आमच्या लग्नाची चित्रफीत, पोरांचे वाढदिवस, आणि कुणा बसप्रेमी माणसाने स्थानकावरच्या घोषणा टिपून ठेवल्या होत्या त्याही, सगळं त्या ॲपच्या घशात घातलं. अटी वाचल्या का म्हणून विचारलं, तर म्हणतात, "अटी कोण वाचतं?" लिफ्टमध्ये किती माणसं चढायची ती पाटी लोक वाचत नाहीत म्हणून रोज बोटं मोडणारा हा माणूस.

सकाळी आई पेपर वाचत होत्या. दादांनी फोन समोर धरला. फोनमधून आई बोलल्या, "बाळा, तू खूप दमला आहेस, थोडा आराम कर."

आवाज बराचसा त्यांचाच.  पण आईंनी जन्मात कोणाला बाळा म्हटलं नाही, तुम्हालाही नाही, त्यांनाही नाही.  आईंनी फोन घेतला, ओट्यापाशी गेल्या आणि कंपाउंडरांच्या गळतीखालच्या बादलीत टाकला. दादा बघत राहिले. मग खुर्चीत बसून रडले. आईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही, आपल्या खोलीत निघून गेल्या.

मी त्या ॲपवाल्यांना लिहिलं की आवाज पुसून टाका. उत्तर आलं, आपली विनंती नोंदवली आहे. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर, शब्दही तेच. आता माझ्या सासूचा आवाज कुठल्या कुठल्या दुकानात चपला विकेल कोण जाणे. एकदा हे त्यांनी सोसलंय. सहा वर्षं स्थानकावर उतरलं की स्वतःचाच आवाज त्यांना सांगायचा, सामानाची काळजी घ्या. त्यासाठीच तर त्या एवढा आटापिटा करून कट्ट्यावर गेल्या. आणि खरा आवाज मात्र तुमच्या हट्टापायी कुलपात.

भाऊजी, मी आता विनवत नाही. सांगते. शब्द टाका.

वहिनी


२४ मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र आलं. पत्र कसलं, चिठोरं. मी ते शिवणयंत्रावर ठेवून दिवसभर काम केलं, दोन चेन उलट्या बसवल्या, आणि एका गिऱ्हाइकाची पँट नको तेवढी आखूड केली. हा खर्चही तुमच्या खात्यावर.

काय लिहिता? "वहिनी, शब्द देताना आईने एकच अट घातली होती. ती स्वतः मागेल तेव्हाच टाकायचे, दुसऱ्या कोणी कितीही गळ घातली तरी नाही. तुमच्या तिन्ही पत्रांत आईने मागितलंय असं कुठेही नाही. माझी डबी चालू आहे. मी रोज बघतो."

वा. आता तुम्ही मला परवानगीचे धडे देणार. तुम्ही. आता मी लिहितेच. स्थानकावर यंत्राच्या घोषणा बसवणाऱ्या त्या ठेकेदाराकडे ध्वनिमुद्रणाच्या कामाला कोण होतं? घरी माइक आणून आईंना कोण म्हणालं, नवीन माइक तपासायचाय, जरा आकडे आणि गावांची नावं वाचून दाखव? त्या किती हौसेने वाचत होत्या, मध्येच पाणी पिऊन पुन्हा वाचत होत्या. पोरगा आपलं काम ऐकतोय म्हणून. मी त्यांना पाणी नेऊन देत होते. ठेकेदार त्याचं पुढे काय करणार हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, यावरून तुम्ही आणि दादा एकमेकांच्या अंगावर धावून गेलात. मी तेव्हा तुमच्या बाजूने बोलले होते. म्हटलं होतं, नसेल माहीत त्यांना. आजही मला खात्री नाही, पण बोलले होते.

आणि एवढं झाल्यावर त्यांनी पाचातला एक वाटा तुम्हाला दिला. मला वाटलं, आईचं काळीज. तुम्ही म्हणता, अट. एक म्हातारी बाई एका परक्या बाईच्या तोंडून जेवण मागते, औषध मागते, आणि तुम्ही रोज डबीकडे बघता. बघत बसा.

वहिनी


२६ मार्च

भाऊजी,

परवाचं पत्र रागात टाकलं. मागे घेत नाही. पण पुढचं लिहिणं भाग आहे.

तुमचं चिठोरं मी आईंना दाखवलं. म्हटलं, बघा तुमच्या लाडक्याचे प्रताप. त्यांनी चष्मा लावून वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी चेहऱ्याकडे बघत होते, राग कुठून सुरू होतो ते. राग आला, पण माझ्यावर.

ती गोड बाई म्हणाली, "तुला कोणी सांगितलं होतं त्याच्याकडे मागायला?"

मी म्हटलं, सांगायला कशाला हवं, दिसतंय ना समोर.

"आणि कंपाउंडरने दिले?"

मी तक्रारीचं आणि दुसऱ्या पाळीच्या बाईंचंही सगळं सांगितलं. आईंची बोटं काचेवर टकटक आपटली. "म्हणजे एका गळक्या मोरीवर त्याने माझा आवाज विकला. आणि तू घेतलास. तिने दारातून परत पाठवलं आणि धाकट्याने नाही म्हटलं, तेवढेच दोघं भरवशाचे निघाले." ती म्हणजे दुसऱ्या पाळीच्या बाई. हे सगळं टॅबलेटमधल्या बाईच्या मधाळ आवाजात. मला हसावं की रडावं कळेना.

मी विचारलं, तुमचा गळा ज्याने एकदा घालवला त्याच्यावरच भरवसा? आईंनी टाइप केलं, "दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तो फुंकतोय." आणि तुमचं चिठोरं घडी घालून पोलक्यात ठेवून दिलं. मला परत दिलं नाही.

ऑपरेशनच्या आधी तपासणीला जाते म्हणून त्या एक दिवस सकाळी गेल्या आणि दिवे लागायला परत आल्या, ते तुमच्याकडे आल्या होत्या हेही मला आत्ता कळलं. दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत, शब्द सांगितले आणि निघाल्या. खरंय?

म्हटलं, मग आता मागा ना त्यांच्याकडे. सोपं आहे. व्हिडिओ कॉल लावून देते शेजाऱ्यांच्या फोनवरून. आईंनी मान हलवली. "या बाईच्या तोंडून मी माझ्या मुलाकडे काही मागणार नाही."

आता बोला. त्यांच्या आवाजाशिवाय त्या मागणार नाहीत, त्यांनी मागितल्याशिवाय तुम्ही आवाज देणार नाही. मायलेक एका माळेचे मणी, आणि मधल्या मध्ये माझी ससेहोलपट. मी ओट्यावरची बादली आपटली, म्हटलं, तुम्ही दोघं मरेपर्यंत असेच बसा, मला काय करायचंय.

आईंनी टॅबलेट जवळ ओढला. मग ती बाई म्हणाली, "तुला कशाला हवाय माझा आवाज? तुझे कान सुटले की."

 मी खरं ते सांगितलं. म्हटलं, आई, मला भीती वाटते. तुम्ही मला नुसतं नावाने हाक मारलीत तरी मला कळायचं की कपबशी फुटलीय, की पाय दुखतायत, की कुणाची आठवण आलीय. आता काहीच कळत नाही. त्या दिवशी तुम्ही आतून टाइप केलंत, "जरा इकडे ये," तर मी हातातली पँट संपवून आले, आणि तुमचा श्वास अडकलेला, गळ्यातल्या नळीत कफ. त्या बाईने ते असं म्हटलं की जणू गप्पा मारायला बोलावतेय. मी घरात तुमच्याशी बोलते आणि उत्तर दुसरीच कुणीतरी देते. मला तुम्ही हव्या आहात हो. शिव्या घालणाऱ्याच हव्या आहात.

आई उठून गेल्या. मला वाटलं, चिडल्या. आतून ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, आणि मग डिंक कुठे आहे म्हणून त्या बाईने विचारलं.

वहिनी


२९ मार्च

भाऊजी,

सोबतचं छोटं पाकीट आईंचं आहे. आत काय लिहिलंय मला माहीत नाही. विचारलं तर पाठ फिरवली. दोन दिवस लिहून फाडणं चाललं होतं, केराची टोपली त्यांनी स्वतः नेऊन ओतली, त्यांना माझी सवय माहीत आहे. पाकीट माझ्यासमोर चिकटवलं, डिंकाची बाटली संपेपर्यंत. उघडायला कात्री लागेल.

असंच एक पाकीट दुसऱ्या पाळीच्या बाईंना गेलंय. त्यातही मागितलंय का विचारलं, तर टॅबलेटमधल्या बाईतर्फे कळलं, "तिच्याकडे काही मागायचं नाही. तिला सांगायचं होतं, तेवढं सांगितलं."

तुम्हाला मी आता काही सांगत नाही. माझं सांगणं संपलं.

वहिनी


७ एप्रिल

भाऊजी,

उघडलं.

गुरुवारी दुपारी मी एका कोटाला अस्तर लावत होते. टॅबलेटवर टिंग झालं आणि आईंनी हात वर केला, वर्गात करतात तसा. तिसरे शब्द आलेत, असं त्यावर लिहिलं होतं. तुमचं नाव नव्हतं, कट्टा नावं दाखवत नाही. पण आम्हा दोघींना कळलं. आईंनी मला बाहेर जायला खूण केली आणि दार लावून घेतलं. मी दाराला कान लावला. लावला म्हणजे लावलाच. आत त्या स्वतःचा आवाज ऐकत होत्या, ऑपरेशनआधी वाचून ठेवलेला. आकडे नव्हते, गावं नव्हती. साधी वाक्यं होती. मला उशीर झाला. हे कुणी केलं. माझी चप्पल कुठे आहे. मध्येच खोकला, तोही तसाच ठेवलेला. मी ओट्यापाशी जाऊन नळ सोडला आणि पदर तोंडात धरून रडले.

संध्याकाळी दादा आले. आम्ही दोघं समोर बसलो. आईंनी टाइप केलं आणि बोलली ती टॅबलेटवाली गोड बाई. "हातपाय धुऊन घे. जेवायला वाढलंय." दादांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, बिघडलं काहीतरी. कंपाउंडर आपल्या शब्दांचा जोर बघायला खाली आले, तर त्यांनाही गोड बाईच. "या, बसा." ते खूश होऊन गेले. त्यांचे शब्द आईंनी कट्ट्यावरून रद्द केलेत, हे त्यांना अजून माहीत नाही. कमिटीकडे तक्रार मी आज पुन्हा दिली.

ते गेल्यावर मी भांडी उचलायला वाकले, आणि मागून आवाज आला.

"पातेलं घासताना कड सोडतेस. सत्तावीस वर्षं सोडतेस."

माझ्या हातून पातेलं पडलं. भाऊजी, तोच आवाज. तोच खरखरीत, शेवटच्या शब्दाला वर जाणारा, ज्याच्यापायी मी नवी नवरी असताना उशीत तोंड खुपसलं होतं. मी म्हटलं, आई, पुन्हा म्हणा. तर म्हणाल्या, "बहिरी झालीस का?"

दादा उभेच राहिले. म्हणाले, आई, मला नाही बोललीस तू असं. आईंनी सावकाश टाइप केलं, गोड बाई आली. "माझा आवाज कुणासमोर काढायचा ते मी ठरवणार. परक्यांना ही बाई पुरे. तू परका नाहीस, पण तू शिक्षेवर आहेस. त्या फोनवाल्यांकडून माझा आवाज पुसून आण, मग बघू." तेव्हापासून ते रोज त्या ॲपवाल्यांना लिहितात, अटींचा कागद पहिल्या ओळीपासून वाचतायत, आणि अधूनमधून मला मोठ्याने वाचून दाखवतात. मी ऐकून घेते.

दुसऱ्या पाळीच्या बाई शनिवारी आल्या होत्या. ती लग्नातली पिन घेऊन, म्हणाल्या तुझीच आहे, घे. आईंची खोली बंद करून दोघी बसल्या. दार बंद होतं, मी या वेळी कान लावला नाही. तरी आतून भांडणाचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता. दोघींचाही.

आता तुमचं. चिठ्ठीत काय होतं ते मला सांगू नका. बरं, सांगितलंत तरी चालेल.

रविवारी सकाळी आई तुम्हाला फोन करणार आहेत, माझ्या नंबरवरून. तेवढा तो नंबर मोकळा करून ठेवा. मी विचारलं, कुठला आवाज लावणार? म्हणाल्या, "ते त्याचं हॅलो ऐकल्यावर ठरवीन." तेव्हा मला काही माहीत नाही, पण एवढं आधीच सांगून ठेवते. ती गोड बाई बोलली, तब्येत विचारली, जेवलास का म्हणाली, तर समजा अजून वेळ आहे. नीट उत्तरं द्या आणि फोन ठेवा, पुढच्या रविवारी पुन्हा करतील. पण पहिल्याच वाक्याला अंगावर आल्या, नालायका म्हणाल्या, एवढी वर्षं तोंड कुठे काळं केलं होतंस म्हणून विचारलं, तर मध्ये बोलू नका. सगळं ऐकून घ्या. आणि मग पिशवी भरा आणि घरी या.

तुमची वहिनी